शनिवारचं तेल

वहिनी, आधी भांडते, मग रडते. रडायला लोक आहेत. येऊन बसतात, डोळ्याला पदर लावतात, चहा पिऊन जातात. भांडायला कोणी नाही. तू गेलीस तेव्हापासून या घरात माझ्याशी कोणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही. सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपून राहिले आहेत. "मावशीजी, काही लागलं तर आवाज द्या." काय आवाज देऊ? सांगू त्यांना, की या आणि जरा माझं म्हणणं खोडून काढा?

दादा गेला, तुमचा मिलिंद नोकरीपायी पुण्याला गेला, आणि अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या या घरात आपण दोघीच उरलो. तू त्याची बायको, मी त्याची बिनलग्नाची धाकटी बहीण. नणंद-भावजय एका छताखाली आणि मध्ये तिसरं माणूस नाही, म्हणजे मोहल्ल्याला वाटायचं रोज भांडी आपटत असतील. आपण भांडायचोच, पण भांड्यांवरून नाही, दागिन्यांवरून नाही. दोघी म्हाताऱ्या आपण इंजिन ऑइलवरून भांडायचो. समोरच्या पांडेजींना तर शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. त्यांना वाटायचं आपण फोडणीच्या तेलाबद्दल बोलतोय.

गाडी दादाची. लहानशी, पांढरी, आता जिचे पार्टसुद्धा कबाड्याकडे धुंडाळावे लागतात अशी. तो होता तोवर तिच्यात दाट तेल पडायचं, ट्वेंटी-फिफ्टी. त्याचा हिशेब सोपा होता. गाडी म्हातारी झाली की आतले भाग झिजतात, फटी वाढतात, मग पातळ तेल त्या फटींतून निसटून जळून जातं, म्हणून दाट घाला. त्याच्यामागे गाडी मी चालवायला लागले आणि तेल निवडायची पाळी माझ्यावर आली. मी टेलिफोनच्या ऑफिसात सारी उमर काढलेली, मशीन म्हटलं की माझे कान टवकारतात. मी मोबाइलवर वाचून काढलं, व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की आता फाइव्ह-थर्टी, फुल सिंथेटिक. दाट तेल सर्दीच्या दिवसांत सकाळी वर चढायला वेळ लावतं, तेवढा वेळ इंजिन कोरडं घासतं. पातळ तेल चट्कन पोचतं. जमाना बदललाय.

तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वन्सं, वरणात पाणी जास्त झालं की ते ताटभर पळतं. भाताशी थांबत नाही."

"वहिनी, हे वरण नाहीये. सायन्स आहे."

"सायन्स नव्या गाडीचं आहे. आपली गाडी जुनी आहे."

"आणि तू रक्त पातळ व्हायची गोळी घेतेस ती? तू काय नवीन आहेस?"

"मला डॉक्टरांनी सांगितलंय. गाडीला तुम्ही सांगताय."

हे बघ, तुझं हेच मला सहन व्हायचं नाही. शाळेत जन्मभर गणित शिकवलंस ना, त्यामुळे वाक्य संपवायची सवय अशी, की खाली दोन रेघा मारल्या आणि उत्तर आलं. पुढच्यानं काय बोलायचं? माझ्या नाकावर राग तर बसलेलाच असतो. मी मिलिंदच्या देखत, तो दिवाळीला आला होता, ताडकन उठून म्हटलं, "ठीक आहे. मी माझं तेल घालते. दर रविवारी तुझ्यासमोर तेल मोजायची पट्टी काढून दाखवीन. ज्या दिवशी तेल खालच्या खुणेला गेलं, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन आणि परत स्टिअरिंगला हात लावणार नाही."

मिलिंद हसला. तू हसली नाहीस. तुला माहीत होतं मी कशी आहे ते. दादाशी एकदा चहात साखर जास्त पडल्यावरून वाजलं आणि मी म्हटलं, आजपासून चहा बंद. तो आजतागायत बंद आहे. लोकांच्या मयताला जाते तिथेसुद्धा पाणी पिऊन येते. माझी जीभ एकदा सुटली की मी तिची गुलाम. तू हे सगळं त्या क्षणी मनात मांडून मोकळी झाली असणार. गाडी गेली तर वन्संचं काय उरतं? सकाळचा पेपर, गच्चीवरच्या कुंड्या आणि माझं तोंड. तुला चालवता येत नव्हती. म्हणजे माझी गाडी सुटली तर आपल्या दोघींचा हातोदचा बाजार सुटला, सिमरोलचा रस्ता सुटला, लसूण-बटाटे आणायच्या निमित्तानं दिवसभर बाहेर हिंडणं सुटलं. हे मला आज कळतंय. तेव्हा मला फक्त जिंकायचं होतं.

आणि मी जिंकत गेले, नाही का! रविवारी सकाळी गाडी चालू करण्याआधी मी बोनट उघडायचे, पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढायची, आणि तुझ्या नाकासमोर धरायची. "बघ. चष्मा लाव आणि बघ. केसभर तरी खाली आहे का?" तू खरंच चष्मा लावायचीस. वाकून बघायचीस. "नाही बाई," म्हणायचीस, "तुमचंच खरं." एवढं बोलून आत जायचीस आणि पोह्यांवर शेव घालून आणायचीस. मी पोहे खाताना काय मिजास करायचे! पांडेजींना बोलावून सांगायचे, "भियाजी, जुन्या गाडीला पातळ तेल चालत नाही म्हणणारे सब झूठे." ते बिचारे मान डोलावून जायचे.

तुझी ती 'तुमचंच खरं' म्हणण्याची तऱ्हा मला तेव्हाच खटकायला हवी होती. तू इतक्या सहज कोणाचं काही मान्य केलंस का कधी? दादाला तर पत्त्यांत एक डाव सोडला नाहीस.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर झाडांना पाणी घालायचे. तू अंघोळ करून, देवघराच्या कपाटातली तेलाची बाटली पिशवीत टाकून मारुतीला निघायचीस. जाता जाता माझ्याकडे किल्ली मागायचीस, गाडीला कुंकू लावते म्हणून. मी विचारलंही होतं एकदा, कुंकू लावायला किल्ली कशाला? म्हणालीस, आत स्टिअरिंगलाही लावते, तुमचे हात असतात ना त्यावर. यावर कोण काय बोलणार? मला देवाधर्माचं वावडं, त्या कपाटाला मी कधी बोट लावलं नाही. मी वरून ओरडायचे, "मारुतीला सांग गं, फाइव्ह-थर्टीच चालतं म्हणून!" तू मान वर करून हसायचीस. कपाळावर हात धरून, उन्हाकडे बघत.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी तुझ्या जागी दिवा लावायचा होता. सूनबाई पाहुण्यांच्या चहात अडकलेली, मिलिंद फोनवर. मी म्हटलं मी लावते. सगळे बघायला लागले, कारण मी आणि दिवा! तुझं कपाट पहिल्यांदा उघडलं. उदबत्त्यांचा वास आला आणि मला तिथेच बसावंसं वाटलं. सरबताच्या दोन सारख्या बाटल्या होत्या, दोन्हींत तेल. मी हाताला आली ती घेतली, समईत ओतली, वात ठेवली, पेटवली. ती तडतड करायला लागली. मग काळा धूर. मग सगळ्या खोलीत असा वास की बसलेल्या बायका पदर नाकाला लावायला लागल्या.

"आत्या, हे कसलं तेल आहे?" मिलिंद म्हणाला. "गॅरेजचा वास येतोय."

मी बोट बुडवून चोळलं. मला कळणार नाही? इंजिन ऑइल होतं, वहिनी, आणि दाट होतं. तुझ्या दिव्यात मी इंजिन ऑइल जाळत बसले होते. कोणी म्हणालं बाटली चुकली असेल, कोणी म्हणालं आजारपणात माणसाला सुधरत नाही. मिलिंद एकदम पुढे आला आणि समई उचलून धुवायला घेऊन गेला. मला तेव्हा वाटलं, दादाच्या वेळचं उरलेलं असेल, तुला टाकवलं नसेल. तू त्याचा फाटका मफलरही टाकला नाहीस. मी दुसऱ्या बाटलीतलं तिळाचं तेल घातलं आणि दिवा नीट लागला. त्या गर्दीत मी याच्यापुढे विचार केला नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, मिलिंद आणि सूनबाईही गेले. जाताना तो म्हणाला, आत्या, पुण्याला चल. एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करणार, आणि ही गाडी विकून टाकू. मी म्हटलं बघू.

मग शांतता. तुला सांगते, शांततेचा एवढा राग येईल असं मला वाटलं नव्हतं. मी चमचा ठेवला तरी मलाच दचकायला होतं. कुकरला शिट्टी होते आणि "किती झाल्या?" असं विचारणारं कोणी नसतं, म्हणून मीच मोठ्यानं विचारते. शनिवार आला, कोणी किल्ली मागितली नाही. रविवार आला, मी बोनट उघडायला गेले आणि तशीच परत आले. पट्टी काढून दाखवू कोणाला? पांडेजींना? जिंकायला समोर कोणीतरी लागतं ना. मी तेल बघणंच सोडून दिलं. गाडी मात्र चालवत राहिले. बँकेत, तुझ्या कागदांसाठी, दवाखान्यातून राहिलेली फाइल आणायला. आणि घर खायला उठलं की उगाचच, कुठेही.

अशीच परवा हातोदला गेले. लसूण आणायला, असं स्वतःला सांगून. तुझ्या बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली होती, ती वळणावर पडायची आणि मी दर वेळी हात आडवा धरायचे, तुला धरायचे तसा. लसूण घेतला. कोणाशी भाव केला नाही, तू करायचीस. परत येताना शहर अजून बरंच लांब होतं आणि समोर लाल दिवा लागला. तेलाचा. इंजिनातून टक-टक, टक-टक असा आवाज यायला लागला. मी कडेला घेतली, बंद केली. बोनट उघडून पट्टी काढली. पुसली, घातली, काढली. टोकाला जेमतेम एक थेंब. खालच्या खुणेच्याही खाली.

मी पट्टी हातात धरून रस्त्याच्या कडेला उभी. दोन्ही बाजूंना गहू, वर ऊन, आणि माझ्या डोक्यात एकच, की हे कसं शक्य आहे? इतकी वर्षं नाही ते आत्ताच कसं?

एक दूधवाला मोटारसायकलवर रिकामे डबे खडखडवत चालला होता, तो थांबला. "क्या हो गया आंटीजी?"

"तेल खतम हो गया, भिया."

त्यानं वाकून बघितलं. "पुरानी गाडी है. तेल तो पिएगी."

"नहीं पीती थी," मी म्हटलं. मला त्याचा रागच आला. "मैं हर संडे देखती थी. एक बाल बराबर कम नहीं होता था."

तो हसला. "तो फिर कोई डालता होगा."

बस. एवढंच बोलला तो, गाडीवर बसल्या बसल्या, सहज. आणि मला सगळं दिसलं. देवघराचं कपाट, दोन सारख्या बाटल्या, शनिवारची पिशवी, माझ्याकडून मागितलेली किल्ली. मी वर कुंड्यांना पाणी घालत होते आणि खाली तू, गुडघे दुखत असताना, आतला खटका ओढून, बोनट उचलून, पट्टी बघून, बरोबर मागच्या रविवारी होतं तेवढंच भरत होतीस. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. गणिताच्या बाई ना तुम्ही! आणि वर मान करून माझ्याकडे बघून हसत होतीस.

शेंडी लावलीस तू मला, वहिनी. इतकी वर्षं, माझ्याच गाडीत, माझ्याच किल्लीनं. मी त्या रस्त्यावर तुला एवढ्या शिव्या घातल्या की दूधवाला बिचारा घाबरून म्हणाला, "आंटीजी, पानी पी लो." अगं, हरवायचं होतं तर हरवायचंस! खरं म्हणजे तू माझा प्रयोगच नासवलास. अर्धं माझं पातळ, अर्धं तुझं दाट, म्हणजे गाडी चालली ती कोणाच्या तेलावर? तूही छातीवर हात ठेवून सांगू शकली नसतीस. आपलं भांडण निकालाला लागूच शकत नाही आता. आणि मी मात्र 'तुमचंच खरं' खात बसले, पोह्यांबरोबर.

आणि मग मला एकदम रडायला आलं. तू आजारी होतीस तेव्हाही शनिवार चुकवला नाहीस ते आठवलं. मी म्हटलं होतं, इतकं काय त्या मारुतीचं, एक शनिवार नाही गेलीस तर तो रागावणार आहे का? तू म्हणालीस, "तो नाही रागावणार." आणि पिशवी घेऊन, भिंतीला धरत धरत गेलीस. माझ्यासाठी इतकं कोणी केलेलं नाही गं. आईनंही नाही. आणि करून गप्प बसणारं तर कोणीच नाही.

दूधवाला म्हणाला, पुढे गावात दुकान आहे, डबा आणून देतो, नाहीतर इंजिन बैठ जाएगा. मोटारसायकल सुरू केली आणि मागे वळून विचारलं, "कौन सा लाऊं? पतला के गाढ़ा?"

एवढा सोपा प्रश्न. पातळ म्हटलं असतं तर त्यानं पातळ आणलं असतं, मी तशीच घरी आले असते, कोणाला काय कळणार होतं? पण हे इंजिन पातळ तेल पितं हे आता मी डोळ्यांनी बघितलं होतं. दर आठवड्याला वरून भरणारं माणूस असेल तर पातळ तेल चालतं. एकटीनं निभवायचं असेल तर नाही.

"गाढ़ा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. "बीस-पचास. वही लाना."

त्यानं आणलं, मीच ओतलं. थोडं इंजिनावर सांडलं आणि गरम लोखंडावर धूर झाला. पट्टी वर आली. गाडी चालू केली, टक-टक थांबली. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस... छे, काहीच म्हणाली नसतीस. तुला ते जास्त चांगलं जमायचं.

घरी येऊन मिलिंदला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, आत्या. डबे मीच पाठवायचो. पुस्तकांच्या पार्सलमध्ये घालून. आईनं शपथ घातली होती. म्हणायची, वन्संना कळलं तर त्या बोलल्याप्रमाणे गाडी सोडतील, आणि गाडी सोडली की त्या सुकतील."

"म्हणजे दिव्याच्या वेळी तू समई धुवायला नेलीस ते..."

"हो."

त्याच्याकडे मागे पोरांचा आवाज येत होता. मग त्यानं सावरून, समजुतीनं विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं, "मग आत्या, शर्त तर तू हरलीस ना? आता किल्ली मला दे. गाडीचं मी बघतो. तू इकडे ये."

खरं सांगू? क्षणभर मी 'घे' म्हणणार होते. मी बोललेलं कधी मोडलेलं नाही, तुला माहीत आहे. चहा मोडला नाही, हे कसं मोडणार? तेल खालच्या खुणेला गेलं. शब्द माझाच होता. रात्रंदिवस या घरात एकटी बसण्यापेक्षा पुणं काय वाईट आहे, असंही मनात येऊन गेलं.

पण मी काय बोलले होते ते मला नीट आठवलं, अक्षर अन् अक्षर. मी त्याला म्हटलं, "बेटा, शर्त तुझ्याशी नव्हती. किल्ली तुझ्या आईच्या हातात द्यायची ठरली होती. दुसऱ्या कोणाच्या नाही."

तो हसला नाही, वाद घातला नाही. बारीक आवाजात "बरं, आत्या," म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून किल्ली माझ्या मुठीत आहे. बाहेर दादाची गाडी उभी आहे, पोटात तुझं तेल घेऊन. मी उद्याही चालवीन, परवाही चालवीन, आणि पट्टी माझी मीच बघीन. मला कोणी अडवू शकत नाही. इतकी मोकळी मी कधीच नव्हते आणि मला ही मोकळीक नको आहे.

मी हरले, वहिनी. या तोंडानं हे वाक्य कधी कोणी ऐकलं नाही, तू तरी ऐक. हरले मी. आता हात पुढे कर ना गं, किल्ली घे.